आडवं पडून बघायचं छत

— नाही नाही, बसून नाही चालणार, आडवं व्हायचं. मागच्या लांब सीटवर, पाठीवर, सरळ. चपला राहू द्या पायात, सीटला काही होत नाही. हसा, हसा — माझ्याकडं येणारा प्रत्येक जण आधी हसतो, छत बदलायला आलो आणि हा मिस्त्री झोपायला सांगतो म्हणून. पण मला सांगा भाऊ, ट्रकच्या केबिनचं छत बघतं कोण? चालवताना नजर रस्त्यावर. मालक आला तर तो टायर बघतो. छत बघतो तो रात्री ढाब्याच्या बाजूला गाडी लावून पाठ टेकतो तो माणूस, बाकी कोणी नाही. मग उभ्याउभ्या टेप लावून मी कुणासाठी माप घेऊ? नाशकातच द्वारक्याला शेड होती तेव्हापासून माझी ही रीत आहे, इकडं अंबडला आलो तरी तीच. आधी माणूस आडवा करायचा, वर बघ म्हणायचं, नजर जिथं पडते तिथं खडूची खूण करायची, आणि तिथून कामाला सुरुवात. लोक म्हणतात अन्सार मिस्त्री सणकी आहे. असू दे. द्वारक्याला कोणालाही विचारा छत कुठं करू, ते माझंच नाव सांगतात — तुम्हालाही तिथंच कोणीतरी सांगितलं असेल ना? तेच म्हटलं. हां, असं. डोकं कुठं केलंत — क्लीनरच्या दाराकडं. बरं. राहू द्या तसंच. आता हलू नका, माप चुकतं.

गरम होतंय? व्हायचंच, वैशाख आहे. पण पत्रा केवढा तापलाय बाहेर आणि आत तेवढा चटका नाही, हे लक्षात आलं का? ते या छतामुळं. वर पत्रा, त्याच्या खाली लाकडाच्या आडव्या कमानी, मध्ये गोणपाट ठासून भरलेलं — धुऊन, वाळवून, नाहीतर वास मारतं — मग प्लायवूड, मग फोम, मग हे रेक्झीन. आणि प्लाय कमानीवर नुसतं ठोकलेलं नाही. प्रत्येक खिळ्याखाली रबराची चकती आहे, सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली. का? तर छत वाजू नये म्हणून. आरसे लावून, गोंडे लावून देखणं छत कोणीही करतं, गप्प राहणारं छत करायला जीव लावावा लागतो. डोक्यावर एक पट्टी जरी कटकट करत राहिली ना, तर मनमाडपर्यंत जाईस्तोवर माणसाचं डोकं फिरतं. तुम्ही धुळ्याहून आणलीत ना ही गाडी? धुळंच म्हणालात मघाशी. वाटेत छत वाजलं का एकदा तरी? नाही ना. मग उपटून काढायचं कशाला, मला तेच कळत नाही. रंग पसंत नाही? बरं. जुनाट दिसतं? बरं. माझं काय, तुम्ही म्हणाल तसं. पण सगळंच काढायचं, प्लायसकट, एक तुकडा ठेवायचा नाही, काढलेला माल तुम्हालाच परत द्यायचा — असं कोणी सांगत नाही हो. जुनं रेक्झीन नेऊन करणार काय तुम्ही?

उठू नका म्हटलं ना. बसा — म्हणजे पडा. क्लीनरच्या बाजूचं दार उघडणार नाही, प्रयत्न करू नका, गाडी भिंतीला चिकटवून लावायला सांगितली होती ना मी, म्हणून. उजेड त्याच बाजूनं चांगला येतो... नाही, उजेड नाही येत त्या बाजूनं. ते असू द्या. आणि या दारात मी उभा आहे. चावी माझ्याकडं आहे, बॅटरीची वायर पण सोडून ठेवलीय, छतातल्या दिव्याला हात लावायचा तर तेवढं करावंच लागतं. ही? ही रापी, रेक्झीन कापायची. हिला घाबरताय होय. रोज हातात असते माझ्या, सकीना — माझी बायको — म्हणते जेवताना तरी खाली ठेवा.

बरं, आता वर बघा आणि मला सांगा काय दिसतं. नुसतं पांढरं. पांढरं रेक्झीन आणि बटणं. आणि आता हनुवटी खाली करून पायाकडं बघा, छताच्या त्या टोकाला. दिसली? फांदी. निंबाची फांदी आहे ती, हिरव्या रेक्झीनची पानं कापून एकेक शिवलेली. आता मला सांगा, एवढं बारीक काम कोणी पायाच्या बाजूला करून घेईल का? झोपणाऱ्याच्या पायाला काय डोळे असतात? ज्यानं ही करून घेतली त्याचं डोकं तिकडं असणार, स्टिअरिंगच्या बाजूला. आणि तिथं वर, ड्रायव्हरच्या जागेवर, छतात तो खळगा बघितलात? फोम जास्त भरलाय आणि प्लाय वर उचललाय. तो उंच माणसासाठी आहे. गचका बसला की डोकं आपटतं म्हणून. तुम्ही गाडी आत घेतलीत तेव्हा मी समोर उभा होतो — तुमच्या डोक्यात आणि छतात हातभर अंतर. राग मानू नका, उंची काय आपल्या हातात असते. मी एवढंच म्हणतो की हे छत तुमचं नाही. धुळ्याला घेतलीत, ज्यानं विकली त्याचं असेल. तोही उंच होता? आठवत नाही. बरं.

रंग चांगला मारलाय. हिरवा. आधी नारंगी होती. कसं कळलं? दाराच्या बिजागरीत नारंगी शिल्लक आहे, रंगारी बिजागरीत ब्रश घालायचा कंटाळा करतात. आणि बीडिंगच्या पट्टीत कांद्याची सालपटं आहेत, ही बघा, वाऱ्यानं उडून बसतात, कितीही झाडलं तरी निघत नाहीत — सटाण्याकडचा कांदा वाहणारी गाडी आहे. रंग बदलता येतो, नंबर बदलता येतो, मागच्या फाळक्यावरचं लिहिलेलं पुसून दुसरं लिहिता येतं. आणि हा डाग, इथं, फांदीच्या बुडाशी. ऑइल म्हणालात ना तुम्ही? धुतलाय कोणीतरी, सोड्यानं घासघासून धुतलाय. रेक्झीनवरून निघतं हो सगळं, प्लास्टिकच ते. पण दोरा पितो. शिवण पांढऱ्या सुती दोऱ्याची होती, मी स्वतः मेण लावून वळलेला दोरा, आणि तो आता तपकिरी झालाय, तीन पानांपुरता. ऑइल पिऊन दोरा काळा होतो भाऊ. तपकिरी होत नाही. भिकनच्या गाडीत मी ऑइलचे डाग पुष्कळ बघितलेत.

काय म्हणालो मी? हो. भिकन म्हणालो. नाव नव्हतं घ्यायचं एवढ्यात, सुटलं तोंडातून. मी ठरवलं होतं, गोड बोलून आडवं ठेवायचं, मापाच्या नावाखाली, आणि बोलायचं काहीच नाही. माझ्या तोंडाला कुलूप कधी राहिलंय म्हणा. बरं झालं सुटलं ते. आता तुला भाऊ म्हणणं नाही आणि तुम्ही म्हणणंही नाही. पडून राहा. दारात मी आहे, आणि माझ्या अंगात सध्या काय आहे ते मलाच ठाऊक नाही, तेव्हा हलू नकोस.

मी शिवलंय हे. ओळखलं नसशील तू, तुला कुठून कळणार — ज्याच्याकडून करून घेतलं त्याच्याकडंच काढायला घेऊन आलास. वर्ल्डकप जिंकला होता आपण, त्या पावसाळ्यात. भिकन नवी चासी घेऊन आला, सटाण्याच्या बाजूचा माणूस, सहा फुटी, दारातून वाकून आत आला. त्यालाही मी असाच झोपवला. तोही हसला. आणि डोकं केलं उलट्या बाजूला. म्हटलं सगळे क्लीनरच्या दाराकडं डोकं करतात, तुझं असं का? तर म्हणाला, अन्सारभाऊ, मी क्लीनर ठेवत नाही, एकटा असतो, डोकं इकडं असलं की पडल्यापडल्या हात लांब केला की हॉर्न सापडतो. कोणी गाडीवर चढलं, ताडपत्रीला हात घातला, तर उठायची वाट बघायची नाही, आधी हॉर्न. करून दाखवलं त्यानं, डोळे मिटून हात टाकला आणि बरोबर हॉर्नवर. मग मी विचारलं, वर काय पाहिजे? लोक काय काय सांगतात — देव सांगतात, नट्या सांगतात, एकानं स्वतःचाच फोटो लावून घेतला. हा आधी वरच्या उघड्या पत्र्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, घरी मी अंगणात झोपतो, डोळा उघडला की दारातला निंब दिसतो, तसं काही होईल का. होईल म्हटलं. पण निंबाची फांदी कशी वाकते ते मला कुठं माहीत, मी शहरातला. तर दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आला, यशोदाबाई. तिनं या जमिनीवर, याच शेडच्या जमिनीवर... नाही, तेव्हा द्वारक्याला होतो... तिथं तिनं खडूनं फांदी काढून दाखवली. म्हणाली, आमच्या झाडाची एक डहाळी अशी खाली येते, हात लागतो तिला. तीच ही. मी नुसती शिवली, काढली तिनं.

तेव्हापासून तो माझा माणूस. नाशकात आला की जेवायला माझ्याकडं. सकीना त्याच्या ताटात भाकरी मोजायची नाही. माझ्या पोरीला, जहिदाला, रात्री फेफरं आलं होतं तेव्हा मालानं भरलेली गाडी घेऊन हा सिव्हिलच्या दारात उभा, लोक बघत होते, ॲम्ब्युलन्सच्या जागी कांद्याचा ट्रक. हे तुला का सांगतोय मी? तुला सांगून काय उपयोग आहे. पाडव्याच्या आधी निघाला तो, सटाण्याहून कांदा भरून, पेठच्या रस्त्यानं वलसाडला. पोहोचला नाही. आता आखाजी, अक्षय्य तृतीया, होऊन गेली. आखाजीला बायका माहेरी जातात, यशोदाबाई गेली नाही. मुलांना तेवढं माहेरी पाठवलं आणि इथं अंबडला एका कंपनीत पॅकिंगला लागली, खोली घेऊन राहिली. का, तर या रस्त्यावर गाड्यांची कामं होतात, सगळे ड्रायव्हर इथून जातात, कोणाला तरी गाडी दिसेल. तिला वाटतं गाडी सापडली की माणूस सापडेल. मलाही तसंच वाटत होतं. आज सकाळी तू गाडी आत घेतलीस, मी केबिनमध्ये डोकं घातलं आणि वर बघितलं — मी तिथंच खाली बसलो. तुला वाटलं मिस्त्रीला चक्कर आली, तू पाणी दिलंस मला. तुझ्या हातचं पाणी प्यालो मी.

आता ऐक. मला गाडीचं काही विचारायचं नाही. कोणी विकली, कोणी रंगवली, तुला काय मिळालं, ते ज्याला विचारायचं तो विचारेल. पुंजाला बीडिंग आणायला पाठवलं असं मघाशी म्हणालो, ते खोटं. माझा कारागीर तो, सायकलवर गेलाय चौकीत. पण त्याला सांगून ठेवलंय, घाई करू नको, कंपनीचा भोंगा झाल्यावर आत जा. का सांगितलं असं? कारण पोलीस आधी आले तर तुला घेऊन जातील, आणि तू तिथं जे बोलशील ते चार भिंतींत राहील. ती बाई चौकीच्या पायरीवर बसून राहील, आज या, उद्या या. मला ते होऊ द्यायचं नाही. ती रोज भोंगा झाला की येते. हातात डबा. फाटकाशी उभी राहते, आत येत नाही, तिथूनच विचारते, अन्सारभाऊ, काही कळलं का. मी नाही म्हणतो. ती बरं म्हणते आणि जाते. आज ती आली की गाडी बघेल. नाही म्हणायला मला तोंड राहिलेलं नाही. तेव्हा भोंग्याच्या आत तू मला सांगायचं, भिकन कुठं आहे.

माहीत नाही? धुळ्याला घेतली? पुन्हा तेच. वर बघ. माझ्याकडं नाही, वर बघ आणि सांग.

रडू नकोस. मी हात लावलेला नाही तुला. केवढा आहेस तू, तुझ्या वयाचे माझ्याकडं रेक्झीन चिकटवायला येतात. तू नव्हतास? दुसरे दोघे होते. तू रस्त्यात हात दाखवलास, तेवढंच. त्यानं घेतलं वर? घेणारच. उन्हात उभा असलेला माणूस त्यानं कधी सोडला नाही, मी शिव्या घालायचो त्याला त्यावरून. मग? सावळ घाटात. थांबला का तो तिथं? झोप आली म्हणून. तुला म्हणाला, तूही पड जरा. कुठं पडलास तू — पुढं, क्लीनरच्या जागेवर. आणि तो मागं. या सीटवर. डोकं तिकडं करून.

आणि तू दार उघडून दिलंस त्यांना.

बोलू नकोस जरा. थांब. 

हॉर्न वाजला होता का? मला हे कळायला पाहिजे. त्यानं हात टाकला का? वाजला. एकदाच? लांब वाजला. लांब. म्हणजे हात पोहोचला त्याचा, माझं माप चुकलं नव्हतं. सगळं जिथल्या तिथं होतं रे, हात, हॉर्न, सगळं, त्यानं दाखवलं होतं तसंच. फक्त घाटात ऐकायला कोणी नव्हतं. तू होतास. तू ऐकलास.

मग गाडी कोणी चालवली? तू. आणि त्याला? खाली. दरीत. ढकललं, का उचलून... नको, ते नको सांगू. जिवंत होता का टाकला तेव्हा? मान हलव नुसती. डोळे मिटू नकोस, मी विचारतोय काहीतरी. नव्हता. नव्हता म्हणतोस. नक्की? तू हात लावून बघितलंस? थंड होता.

बरं.

सकाळपासून मी स्वतःला सांगत होतो, दोऱ्याला काहीही लागू शकतं. कात्रीनं बोट कापलं असेल त्याचं. कोंबडी आणली असेल कुठून तरी. माणूस कुठं तरी पडलेला असेल, एखाद्या पाड्यावर, पाय मोडून, पेठच्या बाजूच्या लोकांनी सांभाळला असेल, त्याला बोलता येत नसेल, नाव सांगता येत नसेल. असं होतं की नाही कधी कधी? होतं. मी ऐकलंय. मला तुझ्या तोंडून तेच ऐकायचं होतं. म्हणून झोपवला तुला, म्हणून एवढा वेळ तोंड वाजवत बसलो. मला वाटलं तू सांगशील आणि ती आली की मी फाटकापर्यंत धावत जाईन.

ऐकलास? भोंगा. सुटली कंपनी.

आता काय करू रे मी? तू सांग. मी तिला काय सांगू? सकीनाला बोलवायला पाहिजे होतं. बाईजवळ बाई पाहिजे. हे मला आधी सुचलं नाही, मला तुला धरून ठेवायचं तेवढंच सुचलं. चावी घे आणि जा म्हणू का तुला? गाडी घेऊन जा, तिला दिसू नकोस, तिला आजही मी नाही म्हणेन, उद्याही म्हणेन. ती बरं म्हणेल. खोलीवर जाईल, स्वयंपाक करेल. आशेवर का होईना, जेवते तरी. नाही. नाही, पडून राहा. मी मूर्खासारखं बोलतोय.

आली.

फाटकाशी थांबलीय. बघतेय गाडीकडं. रंग हिरवा आहे, तिला कळायचं नाही... डबा खाली ठेवला तिनं. ओळखली. लांबून कशी ओळखली ही गाडी.

या वहिनी. आत या आज. हो. हो, तीच आहे, रंग दिलाय वरून. सावकाश, पायरी उंच आहे, माझा हात धरा. वर बघा, आहे ना, तुमचीच डहाळी. नका लावू हात वहिनी, त्या पानांना नको, दोरा कच्चा झालाय तिथला. हा? याचं नाव नाही विचारलं मी. गाडी यानं आणली. नाही, माझ्याकडं नका बघू. मी इतके दिवस नाहीच म्हणत आलो ना तुम्हाला, आज मला काहीच म्हणता येत नाही. याला विचारा. याला माहीत आहे.

ऊठ रे. आडवं पडून नाही सांगायचं हे. उठून बस, आणि तिच्याकडं बघून सांग.